आत्याचा मुलगा आणि फ्रेंच कादंबरी

आदिलाबादच्या सरकारी ग्रंथालयात मराठीचं एकच कपाट होतं आणि त्याचं दार नीट लागत नसे. तेलुगूची कपाटं भिंतभर, उर्दूची त्यांच्या खालोखाल, आणि मराठी कोपऱ्यात, झाडू ठेवायच्या जागेशेजारी. त्या कपाटातली पुस्तकं मी दहावीच्या आधीच वाचून संपवली होती. राहिली होती ती एक जाडजूड फ्रेंच कादंबरी. अर्थात मराठीतली, कोणीतरी फार पूर्वी केलेलं भाषांतर. तिचा पुठ्ठा गेलेला, पहिली काही पानं गेलेली, आणि उरलेली पानं तपकिरी कागदात शिवून ठेवलेली. त्यामुळे लेखक कोण आणि कादंबरीचं नाव काय, हे आम्हाला कधी कळलंच नाही. आमच्या घरात तिला 'पॅरिस' म्हणायचे. "पॅरिस कुठी हाय?" असं कोणी विचारलं की "ताईच्या उशाखाली" असं उत्तर यायचं आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

ती घरात आणली आत्याच्या मुलानं. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं असतील. आत्याचं गाव बाजारहत्नूरच्या पुढे, कापूस आणि ज्वारीचं. तिथून तो कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला आला होता. आमचं घराणं निजामाच्या काळात कारकुनीसाठी आदिलाबादला आलेलं. आजोबा उर्दूत अर्ज्या लिहायचे, बाबा तेलुगू साहेबांच्या हाताखाली इंग्रजीत टिपणं लिहायचे, आणि घरी आल्यावर आम्ही सगळे मराठीत भांडायचो. ताई आणि मी तेलुगू माध्यमाच्या शाळेत शिकलो. भाषांच्या बाबतीत आम्हाला कोणी काही शिकवावं असं उरलेलं नाही, अशी आमची समजूत होती.

दिसायला तो बरा होता हे आज म्हणायची मला इच्छा नाही, पण होता. उंच, सावळा, आणि आवाज असा की साधं 'मामी, च्या' म्हटलं तरी आई हातातलं काम टाकून उठायची. त्याला 'दादा' म्हणायचं नाही, हे आत्यानं आम्हाला लहानपणीच बजावलं होतं. आमच्या लोकांत मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क. ताईचं लग्न त्याच्याशी होणार हे ती पाळण्यात असल्यापासून ठरलेलं होतं. ठरलेलं म्हणणंही चूक आहे, कारण ठरवायला कोणीतरी बसावं लागतं, बोलावं लागतं. तसं कोणी बसलं नव्हतं. आत्या आली की ताईला "सूनबाई, पानी आन वं" म्हणे, ताई पाणी आणे, की झालं. ताई त्याला नावानं हाक मारत नसे आणि 'अहो' म्हणायची वेळ यायची होती, तेव्हा ती त्याच्याशी बोलताना हाक न मारताच वाक्य सुरू करी. मी मात्र त्याला 'भाऊजी' म्हणून चिडवायची आणि तो खूश व्हायचा. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे, तो खूश व्हायचा.

त्याचं तेलुगू म्हणजे बाजारातलं. मजुरांशी आणि बैलांशी तो सारख्याच भाषेत बोलायचा. बाबा एकदा वैतागून म्हणाले, "या तेलुगूत नोकरी मागाले गेला तर चपराशीच बाहेर काढीन." मग ताईनं त्याला शिकवायला घेतलं. ओसरीवर पाटी घेऊन अक्षरं गिरवून घेतली, कोणाला 'अरे' म्हणायचं आणि कोणाच्या नावापुढे 'गारू' लावायचं ते सांगितलं. आदरानं बोलायचं तर क्रियापदाला शेवटी 'अंडी' जोडावं लागतं, हे ऐकून तो पोट धरून हसला.

"यायच्या परत्येक वाक्यात अंडी काऊन हायत?"

"घालशील तवा समजन," ताई म्हणाली, आणि तीही हसायला लागली.

'या' म्हणायला तेलुगूत 'रा'ला तीच 'अंडी' जोडून जो आदराचा शब्द होतो, तो आपल्याकडे शिवी ठरतो. तो शब्द मोठ्या माणसापुढे न चाचरता म्हणता यावा म्हणून ताईनं त्याला दारात उभं केलं आणि आमच्या आईला पाहुणी बनवून पुन्हा पुन्हा आत बोलवायला लावलं. आईला तेलुगू जेमतेमच यायचं. ती दर वेळी कानावर हात ठेवून आत यायची. इतकं हसणं त्या घरात पुढे झालं नाही.

संध्याकाळी पॅरिस. तो मोठ्यानं वाचायचा, ताई शिवण घेऊन बसायची, मी पायरीवर. कथा अशी की एका आडगावातला मेणबत्त्या करणाऱ्याचा मुलगा एकुलता एक कोट घालून पॅरिसला जातो. त्याला कोणी ओळखत नाही, कोणी जेवायला बोलावत नाही. मग एका न्यायाधीशाची बायको त्याला हाताशी धरते. कसं वाकायचं, हातमोजे कधी काढायचे, कोणाच्या विनोदाला किती हसायचं, हे सगळं ती शिकवते, आणि शिकवता शिकवता त्याच्या प्रेमात पडते. तो तिच्या घरून एका सावकाराच्या घरात शिरतो. सावकाराची बायको, मग मुलगी. भाषांतरकार सोवळा होता, ऐन वेळी 'दिवा मालवला' असं लिहून तो पुढच्या प्रकरणात जायचा. तरीसुद्धा आई जवळून गेली की आमचा वाचक आवाज बदलून भलतंच काहीतरी वाचू लागे, बहुतेक हवामान.

आणि गावाकडे एक मुलगी होती. तो निघताना तिनं कोटाची बाही शिवून दिलेली. एवढ्या जाड पुस्तकात तिच्या वाट्याला चार-पाच ओळी आल्या होत्या.

"हलकट हाय हा मानूस," ताई एकदा म्हणाली.

"काऊन? हुशार हाय. एका कोटावर पॅरिस जितून राह्यला."

"अन् ते गावातली पोट्टी?"

"तिले त्यानं वचन देल्लं होतं का? दाखव बरं कोनत्या पानावर."

ताईनं पुस्तक ओढून घेतलं आणि पानं चाळली. वचन कुठेच नव्हतं. ती तरीही शोधत राहिली, आणि तो हसत म्हणाला, "पाय, पाय. सापडलं तर मले बी दाखव." मी त्या वेळी त्याच्या बाजूनं होते. मला ती पॅरिसमधली माणसं फार आवडायची. आमच्या गावात कोणी कोणाला हातमोजे काढून भेटत नव्हतं.

त्या कादंबरीत एके ठिकाणी न्यायाधीशाची बायको त्याला सांगते की मोठ्या घरात शिरायचं असेल तर मालकाशी बोलू नकोस, त्या घरात सगळ्यात एकटं कोण आहे ते बघ आणि त्याच्याशी बोल. हे वाक्य त्यानं दोनदा वाचलं होतं. मला आठवतं, कारण दुसऱ्यांदा मी "वाचलं की आता" असं ओरडले होते.

त्याचं कॉलेज संपलं आणि बाबांच्या ओळखीनं त्याला इचोड्याला काम लागलं. तिथे रस्त्यांची आणि तेंदूपानांची कामं घेणारा एक तेलुगू गुत्तेदार होता, आपल्याकडे ठेकेदार म्हणतात तो. नागपूर-हैदराबाद रस्त्यावर त्याचे ट्रक उभे असत आणि ढाब्यांच्या रांगेमागे त्याचं घर होतं. कामं सगळी सीमेवरच्या मराठी खेड्यांत, मजूर मराठी आणि गोंड, आणि गुत्तेदाराला मराठीचा गंध नाही. त्याला दोन्हीकडे बोलणारा माणूस हवा होता. बाबांनी शब्द टाकला आणि भाचा लागला. ताईनं त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली.

सुरुवातीला तो दर आठवड्याला यायचा. ट्रकमधून यायचा, ट्रकमधून जायचा. तिथल्या गोष्टी सांगायचा. गुत्तेदार कसा ओरडतो, ड्रायव्हर कसे डिझेल विकतात. हळूहळू गुत्तेदाराच्या बायकोच्या गोष्टी वाढल्या. ती करीमनगरकडची, मोठ्या घरची, इचोड्याच्या धुळीत तिचा जीव रमत नव्हता. मुलगी हैदराबादला शिकायला, मुलगा नाही, नवरा रानात. वरच्या मजल्यावर ती दिवसभर एकटी बसायची. "तिले कोनी बोलालेच नाई बिचारीले," तो म्हणाला. म्हणून मग तो कामावरून आला की वर जाऊन बसे, तिच्या माहेरच्या गोष्टी ऐके. तिच्यासाठी गावाहून हुरडा नेई, नागपूरहून संत्री. ती त्याच्या तेलुगूचं फार कौतुक करते म्हणे, इतकं गोड आमच्यातले पण बोलत नाहीत म्हणते. ते ऐकून ताई लाजली. शिकवणारीला जेवढं वाटावं तेवढं आणि वर थोडं जास्त.

तो तिला 'अत्तम्मा' म्हणू लागला आणि गुत्तेदाराला 'मामय्या'. आम्हाला यात काही विशेष वाटलं नाही. तेलुगूत आत्या आणि सासू दोघींनाही तेच म्हणतात, मामा आणि सासरा दोघांनाही. शिवाय ओळखीच्या कोणत्याही वयस्क माणसाला प्रेमानं म्हणतात. भाजीवाल्याला आम्ही मामाच म्हणत होतो.

मग त्या लोकांच्या नव्या घराची वास्तुशांत झाली आणि आम्हाला सगळ्यांना बोलावणं आलं. आईनं ताईला हिरवं पातळ नेसवलं. जागोजागी आंब्याची तोरणं, दारात उंची गाड्या, आणि त्या गर्दीत तो फिरत होता, सफारी सूट घालून, लोकांना आदरानं 'या, बसा' करत. एकही 'अंडी' चुकली नाही. गुत्तेदार त्याच्या खांद्यावर हात ठेवून प्रत्येकाला सांगत होता, "मा अल्लुडु, मा अल्लुडु."

आमचा अल्लुडु. आता इथेच थांबून सांगायला हवं. तेलुगूत 'अल्लुडु' म्हणजे जावई. कुठल्याही शब्दकोशात पहिला अर्थ हाच. परक्या माणसानं, नागपूरच्या किंवा पुण्याच्या कोणी, तो शब्द ऐकला असता तर शेजारच्याला विचारलं असतं, 'म्हणजे काय हो?' शेजारचा म्हणाला असता, 'जावई', आणि विषय संपला असता. पण आम्ही परके नव्हतो. आम्हाला माहीत होतं की बहिणीच्या मुलालाही अल्लुडुच म्हणतात, आणि लाडानं तर कोणत्याही तरण्या पोराला म्हणतात. बाबांचे साहेब बाबांनासुद्धा मस्करीत म्हणायचे. मुलानं मामय्या म्हटलं की समोरून अल्लुडु येणारच, हे आम्हाला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. म्हणून आम्ही खूश झालो. एवढ्या मोठ्या माणसानं आमच्या पोराला भाचा मानला.

जेवायला त्याचं पान पहिल्या पंगतीत, गुत्तेदाराच्या शेजारी. वाढायला स्वतः अत्तम्मा. आई माझ्या कानात म्हणाली, "पाय कसा जावयावानी मान देऊन राह्यले." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचं. गुत्तेदाराची मुलगी हैदराबादहून आली होती, बारीक, गोरी, जरा बावरलेली. तिच्या वेणीत फुलं नीट बसत नव्हती. ताईनं तिला समोर बसवून वेणी घालून दिली. मुलगी तिला 'अक्का, अक्का' करत होती. परत येताना ताई म्हणाली, "चांगली हाय पोरगी, गर्व नाई."

थोड्याच दिवसांनी बाबांच्या कचेरीत नवीन बदलून आलेला एक मराठी माणूस घरी चहाला आला. तो अकोल्याकडचा, तेलुगू नुकतंच शिकत होता. म्हणाला, "अभिनंदन, तुमच्या भाच्याचं इचोड्याला जमलं म्हणतात. गुत्तेदार सगळीकडे जावई म्हणून सांगून राह्यले." बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी त्या माणसाला समोर बसवून तेलुगू नात्यांचा पाठ दिला. अल्लुडु म्हणजे काय, भाच्याला मेनल्लुडु कसं म्हणतात, बोलताना त्यातलं पुढचं 'मेन' कसं गळतं. "पुस्तकातून भाषा येत नाई, इथं तीन पिढ्या काढा लागतात," ते म्हणाले. बिचाऱ्यानं माफी मागितली. ताई आतून सगळं ऐकत होती आणि चहाचे कप घेऊन आली तेव्हा तीही हसत होती. मीही हसले.

बाबा गेल्यावर मला सगळ्यात जास्त आठवतं ते त्यांचं ते हसणं, आणि मला त्या अकोल्याच्या माणसाचा आजही राग येतो. त्याचा काही दोष नाही हे माहीत असून येतो.

मग एका सकाळी आमच्या दारात गाडी थांबली आणि गुत्तेदार नवराबायको उतरले. बायकोच्या हातात चांदीचं तबक, त्यात हळदीकुंकू, फुलं, सुपाऱ्या. तेलुगू लोकांत लग्नाचं आमंत्रण बायकांच्या कपाळाला कुंकू लावून देतात, ते कुंकू लावल्याशिवाय बोलावलं असं होत नाही. आईनं तबक पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. तिला वाटलं, भाच्याचे मानलेले मामामामी म्हणून ही मोठी माणसं आमच्या ताईसाठी रीतसर बोलायला आली. बसायला चांगली चादर घालायला तिनं मला पिटाळलं. मी चादर घेऊन येईपर्यंत त्या बाईनं आईला कुंकू लावलं होतं आणि ताईला लावत होती. "मा अम्मायि पेळ्ळि," ती म्हणाली. आमच्या मुलीचं लग्न.

आईनं मोडक्या तेलुगूत विचारलं, कोणाशी?

ती बाई खळखळून हसली. "एवरितो एंदि? मन अल्लुडितोने." कोणाशी काय विचारता, आपल्या अल्लुडुशीच. आपल्या, म्हणाली ती. तुमच्या आणि आमच्या. तिच्या मनात काहीही काळंबेरं नव्हतं, मी शपथेवर सांगते. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या घरी मामाच्या दोन मुली आहेत एवढं तिला माहीत होतं, आणि मामा म्हणजे मुलाकडची मोठी माणसं, म्हणून ती पहिलं आमंत्रण आमच्याकडे घेऊन आली होती. लग्नानंतर मुलगा त्यांच्याच घरी राहणार, एकुलती लेक आहे ना, असंही ती सांगत होती. आपल्याकडे घरजावई म्हटलं की लोक तोंड फिरवतात, त्यांच्यात त्याला इल्लरिकम म्हणतात आणि ती प्रतिष्ठेची गोष्ट असते. ताईनं वाकून तिला नमस्कार केला. स्पष्ट, शुद्ध तेलुगूत म्हणाली, आम्ही नक्की येऊ. 'अंडी' लावून.

गाडी गेल्यावर आई जमिनीवर बसली आणि तिनं स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. आत्या दोन दिवसांनी रडत आली, "दादा, मले बी आत्ताच समजलं, पोट्टं माह्यं ऐकत नाई," म्हणाली, आणि ते खरं असेलही. तो मात्र आला नाही. कामं फार आहेत असा निरोप होता. लग्नात नवऱ्याच्या मागे मामा उभा राहावा लागतो, म्हणून बाबा गेले. उभे राहिले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात आहेराचं धोतर होतं, ते त्यांनी कपाटावर टाकलं आणि अंगणात जाऊन बसले.

पुढे मी शिकले, शिकवू लागले, आणि तसल्या फ्रेंच कादंबऱ्या मिळतील तेवढ्या वाचल्या. मराठीत, हिंदीत, मग इंग्रजीत. आडगावातला पोरगा, राजधानी, मोठ्या घरच्या बायका, जिना एकेक पायरीनं वर. शेवट कधी त्याच्या फजितीत, कधी चर्चमधल्या थाटाच्या लग्नात. त्या मला अजूनही आवडतात, आणि त्यांचा मला संताप येतो. त्यांत फसवणारा निदान कष्ट घेतो. तो खोटं बोलतो, रात्र रात्र खिडकीखाली उभा राहतो, शपथा घेतो, नंतर त्या मोडतो. मोडायला काहीतरी असतं. जिला फसवलं ती किंचाळू शकते, विष घेऊ शकते, मठात जाऊ शकते. लेखकाला तिच्यासाठी एक प्रकरण तरी लिहावं लागतं. आमच्याकडे त्यानं तिचा हातही धरला नव्हता. तिच्याकडून त्याने एक भाषा घेतली आणि ती घेऊन तो वर गेला. यात त्याला फसवावं लागलं नाही, खोटं बोलावं लागलं नाही, पानं चाळून बघा, वचन कुठेच सापडणार नाही. अशा बाईनं कोणाच्या नावानं रडायचं?

ताई रडलीही नाही. तिला प्रायव्हेट शाळेत तेलुगू शिकवायची नोकरी मिळाली. स्थळं पाहायला बाबांनी सुरुवात केली तेव्हा कळलं की खरं नुकसान कुठे झालंय. सगळ्या समाजात माहीत होतं की ही भाच्याला दिलेली. मग लोक विचारत, भाच्यानं काऊन नाकारली? सख्ख्या आत्यानं सून करून घेतली नाही, म्हणजे पोरीत काहीतरी असेल. तिचे सगळे गुण-दोष त्या घरात ठाऊक, त्यांनीच नको म्हटलं तर आपण कशाला? तो पैशाकडे गेला असं सांगावं तर, एवढ्या हुशार पोरानं सोडलं म्हणजे कारण असणारच, असं म्हणून ते पुन्हा तिथेच येत. एकदा एका मुलाची आई आली, पोहे खाल्ले, आणि ताईला म्हणाली, जरा चालून दाखव. ताई चालून दाखवायला उठली. मी ते पोह्यांचं ताट त्या बाईच्या अंगावर फेकायच्या बेतात होते, आईनं माझा दंड धरून ठेवला. त्यानंतर माझं लग्न झालं. धाकटीचं आधी झालं की थोरलीचं मिटतंच, हे सगळ्यांना कळत होतं आणि तरी झालं, कारण मी थांबते म्हटलं असतं तर दोघी राहिलो असतो असं ताईनंच मला सांगितलं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे बाबा गेले. तेरवीला तो आला. पांढऱ्या गाडीतून, बरोबर दोन माणसं, ती दारातच थांबली. अंग भरलं होतं, केस मागे फिरवलेले, बोलण्याला सगळीकडून तेलुगूचा हेल. "मामाजी लय मंचि मानूस होते," म्हणाला, 'चांगला' म्हणायलाही त्याला आता तेलुगूच शब्द सुचला, आणि डोळे पुसले. खरे पुसले. आईच्या पाया पडला, माझ्या नवऱ्याची विचारपूस केली, त्याच्या बदलीसाठी कोणाला तरी सांगतो म्हणाला. मग ताईकडे वळला. ती चहा घेऊन उभी होती.

"तू अजून शाळेतच? लगन काऊन नाई केलं तू?"

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ढोंग शोधलं. आयुष्यभर तसल्याच पुस्तकांत नाक खुपसून बसले होते, ढोंग ओळखण्याइतकं तरी शिकले असेन. ढोंग नव्हतं. त्याला खरंच आठवत नव्हतं.

"नाई जमलं," ताई म्हणाली.

"अरे! मले सांगाचं होतं नं. आपल्या वळखीत किती स्थळं होते, म्या सोता बोललो असतो."

"तुमाले किती कामं असतात. कुठी तरास द्याचा."

त्याला वाईट वाटलं. चहा संपवून तो उठला, दारापाशी मला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आतापन पाहू का? माह्या मनात एक मानूस हाय, निर्मल गावचा, बायको गेली त्याची. बिजवर चालन का तिले?"

कोणत्या शिवीनं सुरुवात करावी ते ठरवत होते. तेवढ्यात आतून, कप विसळता विसळता, ताई म्हणाली, "चालन."

तिच्या आवाजात चेष्टा नव्हती, राग नव्हता. त्यानं "बरं, बरं, पाहातो" म्हटलं आणि गाडीत बसला.

त्यानंतर वर्षभर आमच्या गल्लीत गाडी थांबल्याचा आवाज आला की ताई हातातलं काम ठेवून पदर सारखा करायची. आईनं मला हे नंतर सांगितलं. तो मुद्दाम टाळत होता असं नाही, त्यात त्याचं काही जात नव्हतं. तो तेही विसरला.